एमिली रेमलरकडून जॅझ गिटार शिकताना: काय ऐकावं, काय वाजवावं, कुठे अडतं

एमिली रेमलरची गिटार शिकायला बसलेला माणूस बहुतेक वेळा आधी तिचे स्वर शोधायला लागतो. स्वर सापडतातही. इंटरनेटवर टॅब मिळतात, फ्रेट जुळतात, आणि तरी वाजवलेलं तिच्यासारखं वाटत नाही. तिच्या वादनात स्वर कुठल्या फ्रेटवर आहे याला महत्त्व आहेच, पण तो मात्रेच्या किती अलीकडे किंवा पलीकडे पडतो याला त्याहून जास्त आहे. म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी लय, मग साथ, मग ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकत्र), आणि स्केल त्यानंतर.

तुम्हाला बारे कॉर्ड येतात, मेजर स्केल एका तरी जागी पाठ आहे आणि गिटारवर वर्ष-दोन वर्षं हात बसला आहे असं धरलं आहे. स्टाफ नोटेशन वाचता येत नसेल तर अडणार नाही.

ती कोण होती ते थोडक्यात. जन्म १८ सप्टेंबर १९५७, न्यूयॉर्क. वाढली न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्समध्ये. दहाव्या वर्षाच्या आसपास भावाची गिब्सन ईएस-३३० हातात आली, आणि सुरुवातीला कानात होते जिमी हेंड्रिक्स आणि जॉनी विंटर. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जाईपर्यंत जॅझशी फारसा संबंध नव्हता. तिथून १९७६ मध्ये ती बाहेर पडली तेव्हा जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी हे तिचं दैवत झालं होतं. पुढे एका मुलाखतीत ती म्हणाली होती की दिसायला मी न्यू जर्सीची साधी ज्यू मुलगी असेन, पण आतून मी वेससारखा जाड अंगठ्याचा, पन्नाशीतला, धिप्पाड काळा माणूस आहे. हे वाक्य गमतीचं म्हणून सगळीकडे फिरतं, पण त्यातला ‘अंगठा’ हा तांत्रिक मुद्दा आहे. त्याकडे ऑक्टेव्हच्या वेळी येऊ.

गिटार, तारा, आवाज

महागडी पोकळ गिटार घेईपर्यंत थांबायची गरज नाही. नेक पिकअप असलेली कुठलीही इलेक्ट्रिक गिटार चालते. पिकअप नेककडे, टोन नॉब दहापैकी चार-पाचवर, ॲम्पवर रिव्हर्ब नावापुरता, डिस्टॉर्शन पूर्ण बंद. ट्रेबल इतकाच ठेवा की पिकचा स्पर्श कळला पाहिजे. सगळा ट्रेबल कापला की आवाज ‘जॅझी’ वाटतो खरा, पण स्वराची सुरुवात कुठे झाली तेच ऐकू येत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच ऐकायचं आहे.

तारांवर मात्र खर्च करा. बाजारातल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारवर ०.००९ चा सेट असतो (आकडा सगळ्यात पातळ तारेच्या जाडीचा, इंचांत). या पातळ तारांवर दोन बोटांनी ऑक्टेव्ह धरला की जरा जोर लागताच स्वर चढतो आणि दोन तारा एकमेकींशी बेसूर होतात. ०.०११ किंवा ०.०१२ चा सेट लावा. फ्लॅटवाउंड मिळाला तर उत्तम, कारण सरकताना बोटांचा चरचर आवाज येत नाही. ०.००९ वरून थेट ०.०१२ वर गेलात तर नेकवरचा ताण वाढतो, नेक पुढे वाकते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. अशा वेळी ट्रस रॉड आणि इंटोनेशन जाणकाराकडून एकदा बसवून घ्या. ट्रेमोलो ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगाही बघाव्या लागतात. पिक जाड हवं, १ मिलिमीटरच्या वर. पातळ पिक वाकतं, आणि वाकून परत येईपर्यंत स्वर उशिरा पडतो.

ईएस-३३० किंवा तशी पूर्ण पोकळ गिटार वापरत असाल तर ॲम्पच्या समोर उभे राहू नका. पोकळ पेटी आवाज परत उचलते आणि घूं सुरू होतं. ॲम्प बाजूला, स्वतः त्याच्या रेषेच्या बाहेर, आणि तरीही झालं तर आधी बेस कमी करा.

कुठला अल्बम आधी

तिच्या नावावरचे अल्बम थोडे आहेत, त्यामुळे सगळे ऐकून होतात. पण शिकण्यासाठी क्रम महत्त्वाचा.

सुरुवात ‘फायरफ्लाय’पासून करा. १९८१ चा, कॉन्कॉर्ड कंपनीचा, तिचा पहिला. पियानोवर हँक जोन्स, बासवर बॉब मेझ, ड्रम्सवर जेक हॅना. हँक जोन्स तिच्याहून जवळजवळ चाळीस वर्षांनी मोठे. त्यांची साथ इतकी स्वच्छ आहे की गिटार कुठे थांबते, कुठे श्वास घेते, ते उघडं दिसतं. यातलं ‘पर्क्स ब्लूज’ तिचं स्वतःचं आणि ‘मूव्हिन अलाँग’ वेस मॉन्टगोमेरीचं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका.

त्यानंतर सरळ १९८८ च्या ‘ईस्ट टू वेस’वर उडी मारा. पियानोवर पुन्हा हँक जोन्स, बासवर बस्टर विल्यम्स, ड्रम्सवर मार्व्हिन ‘स्मिटी’ स्मिथ. अल्बम वेसला अर्पण केलेला आहे. गंमत अशी की वेसला वाहिलेल्या या अल्बममध्ये ती पहिल्या अल्बमपेक्षा स्वतःसारखी जास्त वाजते. एकाच पियानिस्टसोबत सात वर्षांच्या अंतरानं केलेल्या या दोन ध्वनिमुद्रणांतला फरक हाच मोठा धडा. स्वर वाढलेले नाहीत, ठाम झालेले आहेत.

‘टेक टू’, ‘ट्रान्झिशन्स’, ‘कॅटवॉक’ आणि गिटारवादक लॅरी कोरिएलबरोबरचा ‘टुगेदर’ हे मधले. यातला ‘कॅटवॉक’ पूर्णपणे तिच्या रचनांचा आहे, जॉन डर्थचा ट्रम्पेट, एडी गोमेझचा बास आणि बॉब मोझेसचे ड्रम्स. आमच्या मते तिचं सगळ्यात धाडसी काम हेच, पण नवशिक्यानं ते आधी ऐकून उतरवायला घेऊ नये. ताल आणि रचना इतक्या बदलत्या आहेत की हाताला काही लागत नाही.

ऐकताना सोबत वेसचाही मूळ झरा हवा: १९६० चा ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस मॉन्टगोमेरी’, आणि १९६५ चा, विंटन केली ट्रिओबरोबरचा ‘स्मोकिन ॲट द हाफ नोट’. तिनं काय उचललं आणि काय सोडलं, ते त्याशिवाय कळत नाही.

उतरवून घेण्याची पद्धत: एका वेळी चार बार (चार-चार मात्रांचे तुकडे), जास्त नाही. वेग ०.७५ वर ठेवा. आधी ते चार बार गाऊन दाखवता आले पाहिजेत, आवाज कसाही असो. मग गिटार. लिहायचं असेल तर सगळ्यात शेवटी. गाता न येणारा तुकडा बोटांनी वाजला तरी तो दोन दिवसांत जातो. तयार टॅबवर विसंबू नका. बहुतेक टॅबमध्ये स्वर बरोबर पण जागा चुकीची असते, आणि जागा चुकली की पिकची दिशा चुकते, मग लय.

मेट्रोनोम दोन आणि चारवर

रेमलर शिकवताना ज्या गोष्टीचा आग्रह धरायची ती ही. मेट्रोनोमचा ठोका प्रत्येक मात्रेवर नको, फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. जॅझमध्ये ड्रमरचा हाय-हॅट तिथेच बंद होतो.

तबल्याबरोबर वाढलेल्या कानाला हे सुरुवातीला फार खटकतं. आपल्याला समेवर जोर हवा असतो. इथे समेवर ठोकाच नाही. सम तुम्ही स्वतः धरायची, यंत्र फक्त बाकीचं सांगणार.

करायचं असं. १०० चा वेग हवा असेल तर मेट्रोनोम ५० वर लावा. ठोका पडला की तोंडानं ‘दोन’ म्हणा, मग रिकाम्या जागी ‘तीन’, पुढच्या ठोक्याला ‘चार’, मग रिकाम्या जागी ‘एक’. गिटार न घेता दोन मिनिटं हे मोजा आणि ‘एक’ व ‘तीन’ला पाय आपटा. मग एकाच स्वरावर चार-चार मात्रा. मग मेजर स्केल, मात्रेला एक स्वर. मग मात्रेला दोन स्वर.

दोन स्वर म्हटलं की स्विंग आला. संथ वेगात पहिला स्वर लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. वेग वाढत जातो तसे दोन्ही जवळजवळ सारखे होत जातात. २०० च्या पुढेही दोनास एक ओढत राहिलात तर वादन उड्या मारल्यासारखं वाटतं. जोर दुसऱ्या, आखूड स्वरावर हलकासा. पहिल्यावर जोर दिला की कवायत सुरू झालीच.

इथे हमखास काय बिघडतं? दीड-दोन मिनिटांनी डोकं उलटतं आणि ठोका ‘एक-तीन’वर ऐकू यायला लागतो. हात थांबवा, तोंडानं पुन्हा ‘दोन, चार’ पकडा, मग सुरू करा. वाजवत वाजवत दुरुस्त करायला गेलात तर एक मात्रा जास्त घातली जाते आणि ती सवय होते. दुसरा बिघाड जास्त लबाड आहे: ठोक्याच्या आधी घाई. तो वाजवताना कळत नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर कान अजून हातांची बाजू घेत असतो.

वेग वाढवताना मेट्रोनोमवर दोन-दोननं चढा. ५० वरून ५२. म्हणजे प्रत्यक्षात वेग चारनं वाढतो. आठवड्याला इतकंच पुरे.

बारा बारचा ब्लूज आणि तीन तारांचे कॉर्ड

आता बी-फ्लॅटमधला ब्लूज घ्या. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनला सोयीचा म्हणून जॅझवाले या स्वरात फार वाजवतात, आणि कुठल्याही जॅममध्ये तो येतोच. बारा बार असे:

बी-फ्लॅट ७ | ई-फ्लॅट ७ | बी-फ्लॅट ७ | बी-फ्लॅट ७
ई-फ्लॅट ७ | ई-फ्लॅट ७ | बी-फ्लॅट ७ | जी ७
सी मायनर ७ | एफ ७ | बी-फ्लॅट ७, जी ७ | सी मायनर ७, एफ ७

सहा तारांचे बारे कॉर्ड इथे विसरा. बास आणि पियानो सोबत असतील तर ते चिखल करतात. फक्त मूळ स्वर, सातवा आणि तिसरा इतकेच तीन स्वर:

बी-फ्लॅट ७: सहावी तार ६ वा फ्रेट, चौथी ६, तिसरी ७.
ई-फ्लॅट ७: पाचवी ६, चौथी ५, तिसरी ६.
जी ७: सहावी ३, चौथी ३, तिसरी ४.
सी मायनर ७: पाचवी ३, चौथी १, तिसरी ३.
एफ ७: सहावी १, चौथी १, तिसरी २.

बी-फ्लॅटवरून ई-फ्लॅटवर जाताना चौथी आणि तिसरी तार फक्त एकेक फ्रेट खाली सरकतात. हात जवळजवळ हलत नाही. सहाव्या तारेवर मूळ स्वर असलेल्या कॉर्डमध्ये पाचवी तार गप्प राहिली पाहिजे. सहावीवरचं बोट थोडं पसरून त्याच्या टोकानं पाचवीला नुसता स्पर्श करा, दाबू नका. पाचवी वाजत असेल तर ते बोट फार उभं आहे.

आधी चारही मात्रांवर, आखूड, दोन आणि चारवर किंचित जोर. कॉर्ड वाजताच डाव्या हाताची पकड सैल करायची, बोटं तारेवरून उचलायची नाहीत. मग मात्रा कमी करत जा: एका बारमध्ये दोनच कॉर्ड, एक पहिल्या मात्रेवर, दुसरा दुसऱ्या मात्रेच्या अर्ध्यानंतर. हे पाच मिनिटं न थांबता, मेट्रोनोम दोन-चारवर, रेकॉर्ड करा. ही तुमची स्वतःची साथ. ॲपमधल्या तयार ट्रॅकपेक्षा ती वाईट असेल आणि म्हणूनच उपयोगी आहे: तिच्यावर सोलो वाजवायला बसलात की तुमची साथ सोलो वाजवणाऱ्याला किती छळते ते ताबडतोब कळतं.

तिचं पोट साथीवर चाललं

रेमलरच्या कारकिर्दीकडे सोलो वाजवणारी म्हणून बघितलं जातं, पण तिची घडण साथीत झाली. बर्कलीनंतर ती न्यू ऑर्लीन्सला गेली. तिथे स्थानिक बँडमध्ये ब्लूज आणि जॅझ वाजवलं, नॅन्सी विल्सनसारख्या गायिकांना साथ केली. ऑस्कर पीटरसन ट्रिओमुळे नावाजलेले गिटारवादक हर्ब एलिस यांनी तिला ऐकलं आणि १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड जॅझ फेस्टिव्हलमध्ये लोकांसमोर आणलं. त्यातूनच पुढे कॉन्कॉर्डचं ध्वनिमुद्रण आलं. पहिला अल्बम आल्यावरही तिनं साथ सोडली नाही: लॉस एंजेलिसमध्ये ड्यूक एलिंग्टनच्या संगीतावरच्या ‘सॉफिस्टिकेटेड लेडीज’ या प्रयोगात १९८१-८२ दरम्यान गिटार, आणि ब्राझिलियन गायिका ॲस्ट्रूड जिल्बर्टोबरोबर अनेक दौरे. १९८५ मध्ये ‘डाऊनबीट’ या जॅझ मासिकाच्या मतदानात ती वर्षाची सर्वोत्तम गिटारवादक ठरली, तोवर हे सगळं पाठीशी होतं. नंतर पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठात शिकवलंही.

तिच्या आधीची मेरी ऑसबॉर्न याच वाटेनं गेली. १९२१ मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला जन्मलेली. बिस्मार्कमध्ये गिटारवादक चार्ली क्रिश्चनला ऐकून इलेक्ट्रिक गिटारकडे वळली, आणि १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सीबीएस रेडिओवरच्या जॅक स्टर्लिंगच्या रोजच्या सकाळच्या कार्यक्रमात वाजवत राहिली. स्वतःच्या नावाचा अल्बम १९५९ मध्ये आला. बाई गिटार घेऊन आली की ‘गातेस का?’ हा प्रश्न आधी येण्याचा तो काळ. त्याला उत्तर म्हणून अशा नोकऱ्या कामाला आल्या: वेळेवर येणं, समोरचा कागद वाचणं, गायक म्हणेल त्या पट्टीत वाजवणं.

म्हणून आज जॅझ गिटारवर उभं राहायचं असेल तर बारा सुरावटी पाठ करण्याआधी एक काम करा. एकाच ब्लूजची साथ पाच वेगवेगळ्या पट्ट्यांत, कागद न बघता करून दाखवा: बी-फ्लॅट, एफ, ई-फ्लॅट, सी, जी. वरचे आकार सरकवायचेच आहेत. मूळ स्वर सहाव्या तारेवर आहे की पाचव्या, एवढंच बघा. गायकानं ऐन वेळी पट्टी बदलली की ज्याचा हात थांबत नाही, त्याला पुन्हा बोलावतात.

तिच्या आयुष्याची दुसरी बाजूही आहे आणि ती गाळून शिकवणं खोटं ठरेल. तिला अफूजन्य अमली पदार्थांचं व्यसन होतं. ४ मे १९९० ला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना सिडनीत हृदय बंद पडून ती गेली, वय ३२. तिचा शेवटचा अल्बम ‘धिस इज मी’ नंतर बाजारात आला. वादनातली धार व्यसनातून येते अशी एक समजूत जॅझच्या वर्तुळात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करपासून चालत आली आहे. ‘ईस्ट टू वेस’ ऐकून ती धार कशातून आली ते बघा: दोन आणि चारवरच्या ठोक्यातून.

ऑक्टेव्ह

वेस मॉन्टगोमेरी अंगठ्यानं वाजवायचा. म्हणून त्याचे ऑक्टेव्ह मऊ आणि गोल. रेमलरचा एकेका स्वराचा सोलो मुख्यतः पिकवर चालतो, त्यामुळे तिचा आवाज जरा टोकदार आहे. दोन्ही करून बघा, पण सुरुवात अंगठ्यानं करा, कारण अंगठा आपोआप हात सैल ठेवतो.

आकार दोनच आहेत. खालचा स्वर सहाव्या किंवा पाचव्या तारेवर असेल तर वरचा एक तार सोडून, दोन फ्रेट पुढे. खालचा स्वर चौथ्या किंवा तिसऱ्या तारेवर असेल तर एक तार सोडून, तीन फ्रेट पुढे. उदाहरण: पाचवी तार १० वा फ्रेट आणि तिसरी १२, हा जी. चौथी ५ आणि दुसरी ८, हाही जीच, त्याच उंचीवरचा. हे दोन आलटून पालटून वाजवा. आकार बदलताना हात अडखळतो तो इथे, पाचव्या तारेवरून चौथ्या तारेवर जाताना. स्केल पूर्ण वाजवत बसण्यापेक्षा हा एकच सांधा रोज घासा.

मधली तार तर्जनीच्या पोटानं गप्प करायची. बाहेरच्या तारा उरलेल्या बोटांनी आणि तर्जनीच्या टोकानं. सगळं नीट गप्प असेल तर अंगठा तिन्ही तारांवरून बिनधास्त फिरवता येतो आणि दोनच स्वर ऐकू येतात. अंगठा जपून जपून दोनच तारा शोधत असेल तर डाव्या हाताचं काम अपुरं आहे.

दिवसाला दहा मिनिटांच्या वर नको. तर्जनी आणि करंगळी ताणून धरल्यानं मनगट दुखायला लागतं. दुखणं हातभर पसरलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी गिटार बंद. जोर लावून सवय होत नाही, दुखापत होते.

वेसचा सोलो तीन पायऱ्यांचा असायचा: आधी एकेक स्वर, मग ऑक्टेव्ह, मग ब्लॉक कॉर्ड. रेमलरनं ही रचना आत्मसात केली. तुमच्या रेकॉर्ड केलेल्या साथीवर बारा बारचे तीन फेरे घ्या. पहिला एकेका स्वरात. दुसऱ्यात पहिल्या फेऱ्यातलाच एक तुकडा ऑक्टेव्हमध्ये, नवीन काही नाही. तिसऱ्यात फक्त आधी दिलेले तीन-स्वरी कॉर्ड, लयीचे तुकडे करून. पहिल्या फेऱ्यातच सगळं ओतलं की दुसऱ्यासाठी काही उरत नाही, हे प्रत्येकाचं होतं.

एकच स्केल, दोन जागा

आता स्वर. रेमलरच्या शिकवण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जॅझ मेलडिक मायनरचे दोन उपयोग. हे स्केल म्हणजे कोमल गंधार आणि बाकी सगळे शुद्ध: सा रे ग॒ म प ध नि. पटदीप ज्यांच्या कानात आहे त्यांना हे स्वर ओळखीचे आहेत, फक्त इथे आरोहात रे-ध वर्ज्य नाहीत. कर्नाटक पद्धतीत हा गौरीमनोहरी.

नियम असा. डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड (नुसता ‘७’ लिहिलेला, जसा एफ ७) आपल्या घरी, म्हणजे पाच स्वर खाली, उतरत असेल तर त्याच्या एक फ्रेट वरून मेलडिक मायनर. उतरत नसेल तर त्याच्या पंचमावरून.

बी-फ्लॅट ब्लूजमध्ये हे कुठे बसतं ते बघा. दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या बारमधला ई-फ्लॅट ७ कुठेही ‘उतरत’ नाही, परत बी-फ्लॅटवर येतो. त्याचा पंचम बी-फ्लॅट. म्हणून तिथे बी-फ्लॅट मेलडिक मायनर. चौथ्या बारमधला बी-फ्लॅट ७ मात्र पाचव्या बारच्या ई-फ्लॅटवर उतरतो, म्हणून बी मेलडिक मायनर. आठव्या बारचा जी ७ सी मायनरवर उतरतो: ए-फ्लॅट मेलडिक मायनर. दहाव्या बारचा एफ ७ बी-फ्लॅटवर उतरतो: एफ-शार्प मेलडिक मायनर.

हे वाचून घाबरू नका, एकाच जागेपासून सुरू करा. दहावा बार, एफ ७. मात्रेला दोन याप्रमाणे आठ स्वर आणि नववा पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर:

पहिली तार ११, पहिली ९, दुसरी १२, दुसरी १०, दुसरी ९, तिसरी ११, तिसरी १०, तिसरी ८, आणि मग तिसरी ७.

शेवटचा स्वर डी आहे, बी-फ्लॅट ७ चा तिसरा. वर दिलेल्या बी-फ्लॅटच्या कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेवर बोट नेमकं तिथेच होतं, म्हणजे हात कॉर्डच्या घरात येऊन पोचला. आधीचे आठही स्वर एफ-शार्प मेलडिक मायनरचे आहेत आणि एफ ७ वर ते चांगलेच बोचरे लागतात. ते बोचतात म्हणूनच डी वर आराम मिळतो.

इथे बिघडतं ते उतरण्याच्या क्षणी. डी पहिल्या मात्रेच्या आधी किंवा नंतर पडला तर सगळा तुकडा चुकीच्या स्वरांसारखा ऐकू येतो. स्वर बरोबर असतानाही ‘बेसूर’ वाटत असेल तर स्केल तपासू नका, मेट्रोनोम लावा. दुसरी खोड: स्केल सा पासून सा पर्यंत चढणं-उतरणं. त्यात राग दिसतो, कॉर्ड दिसत नाही. तिसरी: प्रत्येक डॉमिनंटवर हा मसाला टाकणं. एका फेऱ्यात एकदा, फार तर दोनदा.

बोसा नोव्हा: स्विंग बाहेर ठेवा

बोसा नोव्हा ही ब्राझीलची लय. ‘फायरफ्लाय’मध्ये ब्राझिलियन संगीतकार जोबिमचं ‘लुक टू द स्काय’ आहे. तिची ब्राझिलियन बाजू तिथून ऐका. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास वाजवतो, बाकी तीन बोटं मिळून कॉर्ड. दोन बारचा साधा नमुना: पहिल्या बारमध्ये कॉर्ड एकवर, अडीचवर आणि चारवर. दुसऱ्या बारमध्ये दोनवर आणि साडेतीनवर. अंगठा मात्र हलत नाही, एक आणि तीन, एक आणि तीन.

आधी मांडीवर दोन हातांनी हे वाजवा, डावा हात अंगठ्याचा, उजवा कॉर्डचा. बसल्यावरच गिटार घ्या. अर्ध्या मात्रा इथे अगदी सारख्या. आधीचे आठवडे स्विंग घासल्यामुळे हात आपोआप लांब-आखूड करायला जातो आणि बोसा लंगडायला लागतो. म्हणून एकाच बैठकीत स्विंग आणि बोसा लागोपाठ नको.

दोन गिटार

‘टुगेदर’मध्ये रेमलर आणि कोरिएल दोघंच आहेत. ना बास, ना ड्रम्स. मित्राबरोबर वाजवायचं असेल तर याच पद्धतीनं वाजवा, फक्त जागा वाटून घ्या: सोलो वाजवणारा सातव्या फ्रेटच्या वर आणि पहिल्या तीन तारांवर, साथ करणारा त्याच्या खाली, आधी दिलेलेच तीन-स्वरी कॉर्ड. दोघांनी एकाच पट्ट्यात वाजवलं की कोण काय वाजवतंय ते दोघांनाही कळत नाही. साथ करणाऱ्याचा आवाज सोलोपेक्षा कमी, आणि तो कमी करायचा तो गिटारच्या नॉबवर. हात हलका करून आवाज कमी केला की लय ढिली पडते.

बार हरवणारच. हरवलात तर मोजत बसू नका आणि थांबूही नका. साथ करणाऱ्यानं कॉर्ड आखूड, चारही मात्रांवर सुरू ठेवायचे. सोलो करणाऱ्यानं गप्प राहून नवव्या बारच्या सी मायनरची वाट बघायची. ब्लूजमध्ये मायनर कॉर्ड पहिल्यांदा तिथेच येतो, त्यामुळे कानाला तो चुकत नाही. सी मायनरनंतर एफ ७, मग शेवटचे दोन बार, आणि पुढच्या ‘एक’वर दोघं पुन्हा एकत्र.